डोंगरावरची तीन दगडांची चूल

माझी भाची डोंगरांचे नकाशे करते. फार पूर्वी माणसं डोंगरमाथ्यावर राहायची, त्यांच्या घरांचे पाये अजून गवतात दिसतात. ती ड्रोनने वरून शेकडो फोटो काढते आणि संगणकावर जोडून दगड न् दगड दिसेल असा नकाशा बनवते. माझं काम गाडी चालवणं आणि डबे सांभाळणं. पन्नाशी उलटलेल्या मामाला याहून मोठं पद कोण देणार?

पेठकडच्या त्या डोंगरावर चढतानाच तिने बजावलं होतं, "मामा, वर काही हलवायचं नाही, काही पेटवायचं नाही."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पाड्यावरच्या एका बाबांना घेऊन ती पलीकडच्या अंगाला खुणा मांडायला गेली. इकडे वारा असा, की माझे दात वाजायला लागले. पिशवीत पातेलं, चहापत्ती, साखर, दूध होतंच. मी देवदर्शनालाही हे सामान नेतो. जवळचे तीन दगड उचलले, चूल मांडली, एकट्याने चहा ढोसला. राख मातीने झाकली. दगड राहिले तसेच. मग ड्रोन उडाला, तेव्हा मी साळसूदपणे आकाशाकडे बघत उभा होतो.

आठवड्याने तिचा फोन. "मामा, लगेच ये! घराच्या आत चूल सापडली!"

जाऊन बघतो तर पडद्यावर, जुन्या घराच्या चौकोनात, माझेच तीन दगड. भाचीचे डोळे चमकत होते. ताईने त्या आनंदात शिरा केला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी शिरा दुसऱ्यांदा वाढून घेतला.

दोन दिवसांनी तिला तिच्या सरांकडे सोडायला निघालो. द्वारका चौकातल्या गर्दीत नेहमीसारखे अडकलो.

"सर खूश होतील ना रे?" तिने विचारलं.

"ती चूल माझी आहे," मी समोर बघत म्हणालो. "चहा केला होता."

मला वाटलं हसेल, नाहीतर ओरडेल. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते.

"दगड कुठून उचललेस?"

"एक त्या भिंतीच्या कोपऱ्यातला. बाकीचे... आठवत नाहीत गं."

"चूल खोडते मी, तिचं काही नाही," ती हळूच म्हणाली. "पण तो कोपरा कोणीतरी रचला होता, मामा. तो कसा होता, हे आता कुणालाच कळणार नाही."

"पुन्हा जाऊ. मी ठेवून येतो दगड."

"हात लावू नकोस."

सरांच्या दारात मी गाडीतच बसून राहणार होतो. तिने काचेवर टकटक केली. "उतर. कुठले दगड कुठून उचललेस, ते तूच दाखव. आठवेल तेवढं."

आत जाऊन मी नकाशावर वाकलो. सगळे दगड सारखेच दिसत होते. सर वाट बघत होते, भाची वाट बघत होती, आणि बोट कुठे ठेवावं ते मला कळेना.