साडूची स्कूटर

माझ्या साडूच्या स्कूटरवर मी आयुष्यात एकदाच बसलो, तेही मागे.

साडू म्हणजे वसंत, माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. राहणार रोहे, नोकरी कंपनीत, आणि सासूबाईंचा लाडका जावई! मी आपला पेणच्या गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करणारा. तो पतपेढीचं कर्ज काढून स्कूटर घेणार हे कळलं, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. पण कर्जाला जामीनदार हवा होता. मोठ्या जावयाशिवाय याचं पान हलत नाही, हे सासूबाईंना दिसावं म्हणून मी ऐटीत सही ठोकली. (कागद वाचतो कोण!)

वसंताने हप्ते थकवले आणि समन्स आलं माझ्याही दारात! रोह्याच्या कोर्टाची तारीख पडली ती नेमकी अधिक महिन्यात, म्हणजे जावयांना जेवू घालून वाण द्यायच्या दिवसांत. सासूबाईही रोह्याच्याच. त्यांचा निरोप आला, "कोर्टात येतच हायत, तर दोघंही जेवूनच जा."

त्या दिवशी त्या स्वतः कोर्टात हजर! वसंताने हात जोडले. "सायेब, ओव्हरटाइम बंद हाय. थोडं थोडं भरीन."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "किती प्रामाणिक गो माझा वसंत!"

इथेही हाच पुढे? मी ताडकन उठलो. "थोडं थोडं कशाला, साहेब? सगळं मी एकरकमी भरतो!"

बायकोने मागून शर्ट ओढला. "अवो, कशातून?"

"तुझ्या पाटल्या हायत ना गो!" मी पुटपुटलो.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"

मी सासूबाईंकडे बघत म्हणालो, "नक्की!" साहेबांनी लगेच तसं लिहूनही घेतलं.

सासूबाईंच्या घरी जेवणं झाली. वाणाचं चांदीचं ताम्हन आज माझंच, अशी माझी खात्री होती. सासूबाईंनी ते वसंताच्या हातात ठेवलं आणि मला वर्तमानपत्रात बांधलेले अनारसे दिले.

"त्याचे दिवस वाईट हायत, जावईबापू. तुमाला काय कमी? भर कोर्टात एकरकमी भरणारे तुमी!"

बायको रागाने माहेरीच राहिली. वसंताने मला एसटी स्टँडवर सोडायला स्कूटर काढली. मी मागे, मांडीवर अनारसे आणि त्याचं ताम्हनही. ("पकडा जरा, साडूबुवा!") वाटेत त्याने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि खिसे चाचपत म्हणाला, "अर्धा लिटर तरी टाका की!"

मी साफ नाही म्हणणार होतो. पण शेजारी सासूबाईंच्या आळीतले दोघे उभे राहून आमच्याकडेच बघत होते. मी छाती काढली आणि ओरडलो, "अर्धा कशाला? फुल्ल कर!"