बोट नसलेल्या शेवंतीमावशी

'शेवंती परत आलेली नाही', असा मेसेज संध्याकाळी आमच्या प्रोग्रॅमने मच्छीमार सोसायटीला पाठवला. सेक्रेटरी यशवंतकाका हबकले. शेवंतीमावशी ओहोटीला खाडीत उतरून खडकांवरची कालवं काढतात, आणि तोवर भरती लागली होती. काकांनी शोधायला होडी सोडली आणि मला फोन केला. मी रत्नागिरीहून मिळाली ती एसटी पकडली.

मावशी घरीच होत्या. पडवीत बसून कालवं फोडत होत्या.

चूक माझी होती. हा प्रोग्रॅम बोटींना वादळाचा इशारा देतो. त्यात मी 'बोट' नावाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास लिहिला होता. अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे अर्धा तयार नमुना. सगळ्या बोटींचं सामाईक काम त्यात एकदाच लिहायचं. ट्रॉलर, छोटी होडी यांनी ते आयतं घ्यायचं आणि आपापलं वेगळं तेवढं भरायचं. नंतर काकांनी कालवं काढणाऱ्या बायकांनाही इशारा द्यायला सांगितलं. इशारा पाठवायचा कोड 'बोट'मध्येच होता, म्हणून मी घाईत त्यांनाही बोटी करून टाकलं. इशाऱ्याबरोबर त्यांना इंजिन मिळालं, आणि परत आल्याची नोंद करायचा नियमही. मावशींची नोंद आली नाही, म्हणून तो मेसेज गेला.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हात पुसून म्हणाल्या, "वारा सुटायच्या आधी मला सांग गो. मी घरी पोचले की नाही, ते तुला कशाला कळवू?"

परतीच्या एसटीत विचार करायला मला त्यांचं तेवढं बोलणं पुरलं. त्यांना हवा होता इंटरफेस. इंटरफेस म्हणजे नुसता करार: अमुक कामं जमली पाहिजेत, मग तुम्ही कोणीही असा. मी 'इशारा घेणारा' असा इंटरफेस करायचं ठरवलं. त्यात दोनच गोष्टी: मेसेज कुठे पाठवायचा आणि कुठल्या भागाचा. बोटी आपल्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये राहून हा करार पाळतील. बायकांना फक्त करार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या वरिष्ठ मेधा मॅडमकडे या बदलासाठी दोन दिवस मागितले.

"चालतंय ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"चालतंय. म्हणूनच काल होडी पाठवावी लागली."

दोन दिवस मिळाले.

पुढच्याच आठवड्यात वाऱ्याचा इशारा आला. बोटी बंदरात परतल्या आणि बायका वेळेत खाडीतून वर आल्या. टोपली अर्धीच भरली म्हणून मावशींनी यशवंतकाकांना बरंच ऐकवलं. काकांनी ते मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, आणि आवाजावरून ते खुशीत वाटले.

तेव्हापासून मी एवढं पाळते. 'ही बोटच आहे' असं नातं खरं असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास, नुसतं काम सारखं असेल तर इंटरफेस. ठरत नसेल तर ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांच्या घरी जाऊन विचारावं. एसटीने पाऊण तास लागतो.