धम्मदीपचे कान

माझ्या नवऱ्याला एका जागी बसता येत नाही. जेवताना दोनदा उठतो, चपला घालतो, काढतो, पुन्हा ताटावर येतो. शिरूरच्या एसटी स्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं खुर्ची आहे, पण ती गिऱ्हाइकांच्याच कामाची. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मी धम्मदीप म्हणते. अंगणवाडी सुटली की मी दुपारी दुकानात जाते आणि त्याच्या वाटचंही बसून घेते.

त्याचं नाव झालं ते कानामुळं. दुकानाआधी अकरा वर्षं तो रांजणगावच्या एका कंपनीत विजेच्या मोटारी तपासायचा. मोटार चालू करायची, कान लावायचा आणि कुठं खरखर आहे ते सांगायचं. शेजारच्याच शेडमध्ये प्रेस मशिनी धाडधाड चालायच्या. कंपनीनं कानात घालायला दोरीवाले बोळे दिले होते, ते ह्याच्या गळ्यात लोंबत असायचे. बोळे घातले तर मोटार कशी ऐकू येणार, असं ह्याचं म्हणणं. सेफ्टीचे साहेब लांबून दिसले की अख्खी लाइन पटापट बोळे घालायची, साहेबांची पाठ वळली की काढायची. ह्या कामात आमचा माणूस सगळ्यांत चपळ. घरी येऊन तो हे रंगवून सांगायचा आणि मी पोट धरून हसायचे. त्या हसण्याचा आता मला राग येतो.

दुकान टाकल्यावरही सवय तीच राहिली. तपासलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्यावर तो कागदाची पट्टी चिकटवतो आणि लिहितो, ‘ऐकून पाहिला. धम्मदीप.’ शिरूरमध्ये दुकानं पुष्कळ आहेत, पण लोक ह्या पट्टीसाठी आमच्याकडे येतात.

गेल्या बुधवारी अनुपमा आली. मूळची दौंडची, वडील रेल्वेत. ती रांजणगावला कंपनीत क्वालिटीचं काम बघते आणि शिक्रापूरला खोली घेऊन राहते. एकेक भाग निवडून तिनं गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतः बांधला होता. मैत्रिणीच्या गाडीतून, दोन उशांच्या मध्ये ठेवून तिनं तो आणला.

“दादा, गेम उघडला की हे किंचाळतंय,” ती म्हणाली. “एरवी गप असतंय. आन् उद्या-परवात मला सांगा, कारण भाग विकणारा दुकानदार शनिवारपर्यंतच बदलून देतोय. त्यो बी एकच भाग, तुमच्या चिठ्ठीवर. चुकीचा भाग परत गेला तर हे किंचाळणं कायमचं माझ्या उशाशी.”

धम्मदीपनं डब्याची बाजू उघडली. त्याच्याकडे हातभर लांब प्लॅस्टिकची नळी आहे. एक टोक कानात, दुसरं डब्यात फिरवायचं. अनुपमानं गेम उघडला. आवाज मला बाकावर बसल्या बसल्या ऐकू आला, कानाशी डास घोंगावावा तसा, पण त्याहून बारीक. दात शिवशिवले. धम्मदीप नळी फिरवत होता आणि मान डोलवत होता. “हां... हां.” तेवढ्यात अनुपमानं गेम बंद केला. आवाज थांबला. आमचा माणूस मात्र मान डोलवतच राहिला.

मी बाकावरून उठून उभी राहिले.

“पॉवर सप्लाय,” तो म्हणाला. “त्योच वरडतोय.” चिठ्ठी लिहिली, सही ठोकली, डब्यावर पट्टीसुद्धा चिकटवली. अनुपमा आभार मानून डबा घेऊन निघून गेली. तिच्यासमोर मी तोंड उघडलं नाही. ते माझं चुकलं, आणि ते मी कबूल करते.

ती गेल्यावर मी विचारलं, “तुला आवाज आला व्हता?”

“आला की.”

“तिनं गेम बंद केल्यावर बी येत व्हता?”

त्यानं नळी खुंटीला अडकवली. चपला घालून बाहेर गेला, स्टँडला फेरी मारून आला, पाणी प्यायला, पुन्हा गेला.

गुरुवारी त्यानं मोबाइलवर कान तपासायची, शिट्टीची एक चाचणी शोधली. आवाज बारीक बारीक होत वर चढत जातो. अर्ध्यात त्यानं मोबाइल खाली ठेवला. “संपली,” म्हणाला. ती संपली नव्हती. मला अजून ऐकू येत होती, आणि मी तसं सांगितलं. नको होतं सांगायला, असंही मग वाटलं.

शुक्रवारी त्याचं कशातच लक्ष नव्हतं. एकच स्क्रू त्यानं तीनदा बसवला.

“तिला फोन कर,” मी म्हणाले.

“काय सांगू? मला ऐकू येत न्हाई म्हणून?”

“व्हय, तेच.”

“गौतमी, लोक माझ्याकडं कानासाठी येत्यात. हे भाईर फुटलं तर उद्यापासनं मी कोण?”

मला भीतीच वाटली. भीती वाटली की मला राग येतो, तसा तो आला. “आन् त्या पोरीनं? दिवसभर मशिनीत राबून आल्यावर रोज ते किंचाळणं ऐकायचं, तुझी सही बघत?”

त्यानं चपला घातल्या. मला वाटलं, पुन्हा स्टँड. पण ह्या वेळी त्यानं नळी आणि दुकानातला चांगला पॉवर सप्लाय पिशवीत टाकला, गाडीला किक मारली आणि म्हणाला, “बस.”

शिक्रापूरपर्यंत ट्रकांच्या मधून गाडी अशी काढली की मी त्याच्या पाठीला दोन बुक्क्या मारल्या. अनुपमाच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसली होती. पॉवर सप्लायचे दोन स्क्रू निघालेही होते.

“थांब,” धम्मदीप उंबऱ्यातूनच म्हणाला. “मी खोटं बोललो. मला त्यो आवाज ऐकूच आला न्हाई. अंदाजानं लिवलं.”

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “दादा, आमच्याकडं न तपासता ओके मारलं तर घरी पाठवत्यात.”

“पाठवायलाच पायजे,” तो म्हणाला. खाली बसला आणि डब्यावरची आपली पट्टी नखानं खरवडून काढली. निघायला वेळ लागला.

“गौतमी, नळी धर.”

हायवेचा गोंगाट नको म्हणून खिडकी लावली, वर चादर टांगली. त्यानं आमचा पॉवर सप्लाय जोडला. अनुपमानं गेम उघडला. “हाय?” त्यानं विचारलं. “हाय. तसाच,” मी म्हणाले. म्हणजे तिचा पॉवर सप्लाय निर्दोष. त्यानं एकेक पंखा क्षणभर बोटानं थांबवला. “आता?” “अजून हाय.” मग मी नळी स्क्रीनवरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाजवळ नेली आणि डोकंच मागं घेतलं. धम्मदीप नळीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

“सेकंदाला साठच चित्रं काढ म्हणावं कार्डाला,” त्यानं अनुपमाला सांगितलं. तिनं मर्यादा घातली.

“गेला!” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

“काढ मर्यादा.”

“आला.”

मग मात्र तो झपाझपा बोलायला लागला. कार्डात तारेच्या बारक्या गुंडाळ्या असतात, गेम जोरात पळाला की त्यातली वीज कमी-जास्त होते आणि त्या थरथरतात. जळणार-बिळणार काही नाही. पण बदलायचं तर कार्डच बदल, आणि नवं कार्डही गायला लागलं तर ही मर्यादा ठेव. सगळं त्याच्या डोक्यात होतं, फक्त कान नव्हते. नवी चिठ्ठी त्यानं लिहिली आणि सहीला माझ्यापुढे सरकवली. “ऐकलंय तू.” मी सही केली.

परत येताना हायवेला चहाला थांबलो. तो उभाच, ग्लास ह्या हातातून त्या हातात.

“कसा असतो गं त्यो आवाज?”

मी इकडे तिकडे बघितलं. टपरीवर सात-आठ ट्रकवाले होते. होऊ दे म्हटलं. दातावर दात ठेवून, जमेल तेवढा बारीक आवाज काढला. “ईईईईई.” सगळे वळून बघायला लागले. धम्मदीप मान तिरकी करून ऐकत होता, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

“ह्यो तर ऐकू येतोय की मला!”

“मग त्यो ह्यो न्हाई,” मी म्हणाले.