पाण्याच्या बाटलीवर सरकारी स्टिकर

आता ही माती मी कशी खाल्ली ते सांगू की नको? सांगतोच. चहा येईपर्यंत तेवढाच टाइमपास.

सगळा घोळ रिकीमुळे. बरं, माझ्यामुळे. थांबा ना, शेवटी कबूल करतोच की!

रिकी उल्हासनगरचा, क्लासमधला दोस्त. आमच्या घरी कात्रपला आला आणि खिडकीतला मनी प्लांट बघत बसला. मनी प्लांट दारूच्या रिकाम्या बाटलीत. घाबरू नका, बाबा पीत नाहीत, वाईन शॉपमध्ये कामाला आहेत. बाटली दिसायला भारी म्हणून आईने दुकानाच्या शेठच्या घरून मागून आणलेली.

तिच्यावर तो नवीन स्टिकर होता. टॅक्स बुडवून विकलेला नकली माल पकडायला एक्साइजवाल्यांनी आणि दारू कंपन्यांनी मिळून काढलाय. मोबाइलने स्कॅन करायचा, हिरवं आलं की माल असली.

"इसकी कॉपी नहीं होती," रिकी म्हणाला. "तू बनवून दाखव. नहीं होगा तेरे से!"

मला? नहीं होगा? अरे, दहावीला दोनदा बसलेला माणूस मी, हार मानतो होय!

फोटो काढला, झेरॉक्सवाल्याकडे पाच रंगीत स्टिकर छापले आणि क्लासमधल्या आम्हा पाच जणांच्या पाण्याच्या बाटल्यांवर चिकटवले. एकाने खरवईत स्कॅन केलं, हिरवं! दुसऱ्याने चिखलोलीत, हिरवं! तिसऱ्याने अंबरनाथला केलं तर लाल.

"नेट गंडलं असेल," मी फोनवर म्हणालो. "परत मार."

लाल.

"परत!"

तासभर आम्ही पाच जण पाच ठिकाणांहून नुसतं परत-परत मारत बसलो!

आता मला काय स्वप्न पडलेलं, स्टिकरमधला एकच नंबर इतक्या ठिकाणी दिसला की एक्साइजला पण मेसेज जातो आणि कंपनीला पण? आणि ती बाटली कुठल्या दुकानात गेलेली, ते पण त्यांना दिसतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा डबा घेऊन गेलो. मला दुकानात पाय ठेवायची बंदी, म्हणून मागच्या दारात उभा राहिलो. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आत एक्साइजचे साहेब आणि कंपनीचा माणूस. शेठ घामाघूम.

"नकली स्टिकरचा माग या दुकानापर्यंत पोचतोय," साहेब म्हणाले. "लायसन्स जाईल, शेठ."

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पुढे झाले.

"शेठचा काही संबंध नाही, साहेब. काउंटरवर मी असतो. जे काय झालं असेल ते माझ्याकडून."

सतरा वर्षं काउंटरवर उभा असलेला माणूस! झाकण तपासल्याशिवाय बाटली हातात न देणारा! दोन घोट पाणी प्यायलो आणि बंदी-बिंदी विसरून घुसलो आत.

"साहेब, बाबांनी काही नाही केलं! स्टिकर मी छापले! दारू-बिरू काही नाही, आईचा मनी प्लांट आहे! तुम्हाला जन्मात सापडलो नसतो, पण सांगतो, चोर मी आहे!"

कंपनीवाला हसू दाबत होता. साहेबांनी शांतपणे मोबाइल काढला आणि माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीवर धरला.

लाल.

"तू दारात आलास तेव्हाच दिसला होता स्टिकर," साहेब म्हणाले. "वडील मध्ये पडले, म्हणून बघत होतो, तोंड कधी उघडतोस."

मी बाबांकडे वळलो. "तुम्हाला पण दिसलेला?"

"दिसला म्हणूनच पुढे झालो ना, गाढवा," बाबा म्हणाले. "आण तो डबा."