मनूची भाजी आणि माझा भात

एके वर्षी मी भात सोडला होता. आम्ही कोकणातली माणसं, आमच्याकडे भात सोडणं म्हणजे थट्टा नव्हे! पण डॉक्टरांनी आमच्या मनूची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, "रक्त कमी आहे. पालेभाजी पोटात जाऊ द्या." मनू तेव्हा पहिलीत होती, आणि टीव्हीवर जे दिसेल तेवढंच खात होती. घरी येऊन मी गणपतीसमोर बसले आणि मनातल्या मनात बोलले, "मनू आपणहून, माझ्या ओरडण्याशिवाय, लाल माठाचा घास घेईल त्या दिवशी मी भात खाईन. तोवर भाकरी."

आम्ही नवीन पनवेलला राहायचो. बिल्डिंगमधल्या आम्ही सातआठजणी दर गुरुवारी संध्याकाळी स्तोत्रं म्हणायला जमायचो. पठण अर्धा तास आणि पोरांच्या खाण्याच्या गप्पा तासभर! एकीने सुरुवात केली की दुसरीला आठवायचंच. असं करत करत माझ्याजवळ एवढं साठलंय की सांगायला बसले तर गॅसवरचं दूध उतू जाईल. त्यातलं थोडं सांगते.

*

आमच्या वरच्या मजल्यावर मीनलवहिनी. त्यांचा ओम दुसरीत. उंची वाढवणारी पावडर त्याने जाहिरातीत बघितली. त्यातला मुलगा दूध पितो आणि भिंतीवरच्या रेघेच्या वर जातो! ओमने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारली. दूध प्यायचा, पळत जाऊन रेघेला पाठ लावायचा. रेघ तिथेच, ओमही तिथेच.

आठ दिवसांनी मीनलवहिनींच्या तुळशीला मुंग्या लागल्या. बघतात तर कुंडीत चॉकलेटी दूध!

"अरे, तुळशीत दूध ओतलंस?"

"मी वाढलो नाही ना, म्हणून तुळस वाढते का बघत होतो. मी खोटा की टीव्ही खोटा, ते कळायला नको?"

मीनलवहिनी म्हणाल्या, "मी कान धरायला गेले होते हो, पाठ थोपटून आले!"

पण पुढच्याच आठवड्यात त्याने त्याच पावडरीचा मोठा डबा मागितला. वहिनी चकित. "अरे, खोटी आहे ना ती?"

"पावडर खोटी आहे. वरचा बॉल खरा आहे. फुकट!"

*

संकष्टीला मी मोदकांचं ताट देव्हाऱ्यात ठेवलं आणि पाणी आणायला आत गेले. परत येते तर ताटाशेजारी वेफर्सचं पाकीट!

"मनू, हे काय गं?"

"नैवेद्य."

"अगं, देवाला पाकिटातलं देतात का?"

"तू त्याला दरवेळी मोदकच देतेस. देव्हाऱ्यातून टीव्ही दिसत नाही. नवीन काय आलंय ते त्याला कळणार कसं?"

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दिसलं नाही तर खावंसं वाटत नाही, असं आहे का हे? करून बघू म्हणून मी श्रावणभर टीव्ही बंद ठेवला. पहिल्या दिवशी शांतता. दुसऱ्या दिवशी पानावर बसल्याबरोबर मनूने बिस्किटांचं गाणं सुरू केलं. मग चॉकलेटचं, मग सॉसचं, चालीसकट! तिचे बाबा म्हणाले, "बंद करून काय मिळवलंस? आधी मधे मालिका तरी लागायची!"

*

जवळच्या नेरे गावाहून एक भाजीवाली यायची, चंदरीबाय. टोपली उतरवायला हात लावला की भाजीआधी खुशाली विचारायची. एकदा म्हणाली, "काय वो, तोंड असं का सुकलंय?"

मी म्हटलं, "पोरगी पालेभाजीला शिवत नाही. टीव्हीवर दाखवतात तेच खाते."

"मंग माजा माठ दाखवा टीवीवर! मी उबी ऱ्हाते टोपली घेऊन!"

आम्ही दोघी खूप हसलो. मग तीच म्हणाली, "माजा नातू काय निराला नाय. मला सांगतो, आजी, भाजी विकून झाली का खारघरच्या मॉलमदला बर्गर आन! मी भाजी पिकवनारी, आन् त्याला भाजी नको!"

टोपली डोक्यावर ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुमी पोरीसमोर बसून खाता का ही भाजी?"

"नाही गं. सगळ्यांचं झालं की मी बसते, ओट्याशी."

"मंग तिनं बगायचं कोनाला? टीवीवाली पोर तरी तिच्यासमोर खाते!"

ती जिना उतरून गेली आणि मी माठाची जुडी हातात धरून तशीच उभी. लग्न झाल्यापासून आठ वर्षं मी रांधत होते, वाढत होते. आवडीने जेवताना मनूने मला पाहिलं होतं कधी?

*

त्याच दुपारी मी मनूशेजारी पाट मांडला. माझ्या ताटात भाकरी आणि माठ, तिच्या ताटात भात आणि माठ. मी चवीने घास घेतला. मनू बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी ताट पुढे सरकवलं. अगदी नूडल्सच्या जाहिरातीतल्यासारखं! मुलगी भाजीचं ताट सरकवते, आई हसत हसत नूडल्सचा बाऊल आणते.

मी म्हटलं, "नूडल्स मिळणार नाहीत हं."

"मला नकोच आहेत."

"मग काय हवंय?"

"तू भात खा."

"मी सोडलाय गं, देवासाठी."

"माहितेय. म्हणून मी पण गणपतीला सांगितलंय, आई भात खाईल तेव्हाच मी भाजी खाणार."

माझा घास हातातच राहिला. "कधी सांगितलंस?"

"तू सोडलास ना, तेव्हाच."

"आणि हे ताट सरकवायचं?"

"जाहिरातीत बघ ना. ताट सरकवलं की आई ऐकते!"

म्हणजे इतके महिने माझा नवस तिच्या नवसासाठी थांबलेला, तिचा माझ्यासाठी! तिचे बाबा ताकाचा पेला घेऊन दारात उभे होते. देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले, "बाप्पा, तुमची कमाल आहे. यांना इतके दिवस झेललंत!"

आधी घास घ्यायचा कोणी? शेवटी मनूनेच तोडगा काढला. मूठभर भात माझ्या ताटात आला, माठाचा घास तिच्या हातात. "तीन म्हटलं की दोघींनी एकदम. एक... दोन..."

सवयीने मी डोळे मिटले, मनातल्या मनात हात जोडले.

"तीन!"

डोळे उघडले तेव्हा माझ्या तोंडात भात होता आणि मनूचे ओठ माठाने लाल झाले होते.

"आधी कोणी खाल्लं गं?"

"तुझे डोळे मिटलेले होते ना?" ती चावता चावता म्हणाली. "मग झालं तर!"

तुम्हीही एकदा करून बघा. मुलांशेजारी पाट मांडा, तीन म्हणा. आणि माझं ऐका, तीनला डोळे मिटा.