शुक्रवारी आंबट कोणी दिलं?

आधीच सांगून ठेवते, हा किस्सा तुम्ही आमच्या शेजारच्या पोहाणेकाकूंच्या तोंडून ऐकला असेल तर तो विसरा! त्या प्रत्येक लग्नात, बारशात तो सांगतात, एकदा तर तेरवीच्या पंगतीतसुद्धा सांगितला, आणि दर वेळी त्यात माझा आवाज थोडा थोडा चढवतात. मागच्या खेपेला तर म्हणे मी चर्चमधल्या बाकावर चढून उभी राहिले होते. बाकावर? मी? अहो, मी नुसती जागची उठले होते. खाली. फरशीवर. फजिती झाली ती झाली, पण जेवढी झाली तेवढीच सांगा ना!

तर खरं काय झालं ते ऐका.

आम्ही तेव्हा वर्ध्याला सेवाग्रामच्या रस्त्याकडे भाड्याच्या खोल्यांच्या एका ओळीत राहायचो. आमचे हे सरकारी कचेरीत हंगामी कारकून. हंगामी म्हणजे काय ते ज्यांनी भोगलं त्यांनाच कळायचं. ऑर्डर संपत आली की घरात कोणाला घास गिळवत नसे. यांना एकदाचं कायम कर, म्हणून मी संतोषी मातेचे सोळा शुक्रवार बोलले होते.

त्या वर्षांत या शुक्रवारांची अशी काही लाट आली होती, की शुक्रवारच्या दिवशी आमच्या भागातला लिंबूवाला ठेला घेऊन निघतच नसे! कारण व्रताचा नेम एकच, पण कडक. गूळ-चण्याचा नैवेद्य, एक वेळ जेवण, आणि आंबट नाही. आपण खायचं नाही, घरात कोणी खायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. कहाणीतल्या जावांनी नेमकं तेच केलं की! उद्यापनाच्या दिवशी मुद्दाम आंबट खाऊ घातलं आणि त्या गरीब बाईचं व्रत मोडलं. आणि मोडलं म्हणजे पुन्हा पहिल्या शुक्रवारपासून सुरुवात. कहाणी वाचताना मला त्या जावांचा असा संताप यायचा, की पोथी बाजूला ठेवून दोन शब्द सुनावावेसे वाटायचे.

आमच्या भिंतीला भिंत लावून मार्थाबाई राहायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती, दवाखान्यात नर्स. पांढरीशुभ्र साडी, मनगटावर घड्याळ, बोलणं मऊ. ओळीतल्या बायकांना त्यांच्या धर्माबद्दल विचारायचं तर खूप असायचं, पण घड्याळवाल्या बाईला कोण विचारणार? मग दुपारी आमच्या ओट्यावर कुरडया-पापड चालायचे तेव्हा सगळे प्रश्न माझ्याकडे. भिंत माझी ना!

"काऊन वो सुमन," पोहाणेकाकू सुरू करायच्या, "याईचे देव तीन हायेत म्हंते. खरं काय?"

"बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा," मी सांगायची. "तीन, पण एकच. आपला दत्त नाही का!"

"अस्सं होय! मंग गाय कोठी हाय?"

"गाय गोठ्यात. येशूचा जन्मच गोठ्यातला ना!"

बायका माना डोलवायच्या. माझी मला शाबासकी द्यावीशी वाटायची.

"अन् पाण्यात बुडवते म्हंते माणसाले, ते काऊन?"

"पाप धुवायला. आपण नाही का कार्तिकात नदीवर जात?"

"मंग हे एकच डाव काऊन बुडवते? आमी त दरसाल जाऊन राह्यलो, तरी काही सुटलं नाई!"

"त्यांचं पाणी जोरदार असेल," मी म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

हे सगळं भिंतीपलीकडे ऐकू जायचंच. एकदा मार्थाबाई हसत हसत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सांगता ते बरोबर नाही हो. पण अगदीच चूक, असंही म्हणवत नाही." आता हे प्रशस्तीपत्रक नाही तर काय? मी तसंच धरलं. तुम्ही काय धरलं असतं?

मग चैत्रातल्या एका दुपारी काकूंनी बातमी आणली. "मार्थाबाई आज डब्बा न घेता डुटीवर गेल्या. शुक्रवार हाय न आज?"

संध्याकाळी मी भिंतीवरून विचारलं, "तुम्ही शुक्रवार करता?"

"आमचे उपासाचे दिवस आहेत, वहिनी," त्या घाईतच होत्या, रात्रपाळी बदलून घ्यायची होती. "येत्या शुक्रवारी तर गुड फ्रायडे. दुपारी तीन तास उपासना असते. येता का? सगळ्यांना मोकळं असतं."

मी घरात येऊन यांना विचारलं, गुड म्हणजे काय? हे इंग्रजी फायली लिहिणारे. म्हणाले, "गुड म्हंजे चांगला. चांगला शुक्रवार. कचेरीले सुट्टी हाय त्या दिवशी."

चांगला शुक्रवार! आणि सरकारसुद्धा सुट्टी देतं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर त्यांचं उद्यापन! आणि योग पाहा, माझाही सोळावा शुक्रवार तोच. येशूला क्रूसावर दिलेलं मी तसबिरीत पाहिलं होतं, नाही असं नाही. पण कोणत्या वारी दिलं, हे कोण कशाला विचारायला जातं?

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी जाहीर केलं, की मार्थाबाईंचंही शुक्रवारचंच व्रत.

"आंबट चालते काय त्याईले?" काकूंनी लगेच विचारलं.

इथं मी थांबायला हवं होतं. पण मार्थाबाई ड्यूटीवर, प्रश्न ओट्यावर, आणि सगळ्याजणी कुरडयांचा सोऱ्या हातात धरून माझ्या तोंडाकडे बघतायत. "शुक्रवारी आंबट?" मी म्हटलं. "नाव काढू नका! देव कोणाचाही असो, शुक्रवार तो शुक्रवार!"

आणि त्या शुक्रवारी मी निघाले. हिरवी काठाची साडी, केसांत मोगरा, हातात गूळ-चण्याचा डबा. त्यांच्या चांगल्या शुक्रवारी रिकाम्या हातानं कसं जायचं? सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. शेवटचा शुक्रवार, जरा कडकच करू म्हटलं. घरी संध्याकाळच्या उद्यापनाची खीर-पुरीची तयारी ठेवलेली. पोहाणेकाकू सोबत आल्या. त्यांना कोणी बोलावलं होतं? कोणी नाही!

चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि माझा मोगरा मलाच टोचायला लागला. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. कुठं फूल नाही. समोरच्या क्रूसावर काळं कापड. कोणी कोणाशी बोलत नाही.

"सुमन," काकू कानाशी, "हे त मयतीसारखं दिसते वो."

"चूप बसा. आधी कहाणी होईल, मग प्रसाद."

मार्थाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, हिरव्या साडीकडे पाहिलं, आणि सरकून शेजारी जागा दिली. देवमाणूस! पण एक शब्द आधी सांगितला असता तर काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं.

म्हातारे पाळकसाहेब चष्मा लावून वाचायला लागले. थोडं वाचायचं, थोडं समजावायचं, मग गाणं. मी कहाण्या ऐकण्यात मुरलेली बाई. पाच मिनिटांत आत शिरले. अहो, काय ती माणसं! जेवायला सोबत बसलेल्यानं पैसे घेऊन येशूला धरून दिलं. दुसरा म्हणतो, मी ओळखतच नाही. ज्याच्या हातात सोडणं होतं, तो हात धुऊन मोकळा! माझ्या डोळ्यांना पदर आणि डोक्यात आग.

"आता पाहा काकू," मी म्हटलं, "आता देव धावून येईल. अशा वेळी येतोच."

"कवा येते?"

"येईल हो. थांबा."

आम्ही थांबलो. तास गेला. वर पंखा फिरत कमी, कुरकुरत जास्त. पत्र्यावर वर्ध्याचं ऊन. माझी जीभ टाळूला चिकटलेली. आणि तिकडं कोणीच धावून येईना! खिळे ठोकले, कपडे वाटून घेतले, येणारेजाणारे टोमणे मारतायत, आणि पाळकसाहेब आपले सावकाश वाचतायत. मग त्यांनी वाचलं, की तो म्हणाला, मला तहान लागली आहे.

मी मनात म्हटलं, आता तरी कोणीतरी पाणी द्या रे!

आणि पाळकसाहेबांनी पुढं वाचलं, की तिथं आंबेनं भरलेलं भांडं होतं. शिपायांनी स्पंज आंबेत बुडवला आणि त्याच्या तोंडाला लावला.

"काय देल्लं म्हंते वो?" काकू.

"आंब."

"आंब म्हंजे?"

"आंबलेलं. आंबट."

काकूंनी माझा दंड धरला. "अवं, पण शुक्रवार हाय न आज! तूच त म्हंतलं, याईले आंबट चालत नाई!"

बस्स! मला ते सगळे शिपाई कहाणीतल्या जावांसारखे दिसायला लागले. उठले मी. उठले म्हणजे कधी उठले हे मलाही कळलं नाही, आवाज ऐकू आला तेव्हा समजलं की तो माझाच आहे.

"आंबट? शुक्रवारी आंबट दिलं? अहो, तहानलेल्या जिवाला पाणी द्यायचं सोडून आंबट देतात? आणि तेही शुक्रवारी! कोणी दिलं?"

पंखा कुरकुरला. सगळ्या पांढऱ्या साड्या वळल्या आणि मधोमध मी, हिरवीगार, मोगऱ्यासकट. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि त्यावर खोकला आणला. मार्थाबाईंनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. आजही मी तसंच समजते, माझ्या मनाला बरं वाटतं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता बाहेर जा म्हणणार. पण ते म्हणाले, "हो बाई. शुक्रवारीच दिली."

त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"आणि त्यानं ती घेतली. घेतली, आणि मग म्हणाला, पूर्ण झालं."

मी खाली बसले.

सुटल्यावर दारात पाळकसाहेब माझ्याशी मुद्दाम बोलले. "इतकी वर्षं हे वाचतोय, बाई. माना खाली घालणारे पुष्कळ पाहिले. त्या शिपायांवर उठून रागावलेलं कोणी पाहिलं नव्हतं." मला जरा धीर आला. मार्थाबाईंनी चिमूटभर गूळ-चणे पदरात बांधून घेतले, म्हणाल्या, "उपास सोडताना खाईन, वहिनी." प्रसाद नाकारला नाही हो त्यांनी! तेवढ्यानं मला भरून आलं.

पण पोहाणेकाकू सोबत असताना ते भरलेलं टिकणार कसं?

"कोणं देल्लं म्हंते!" त्या सबंध रस्ताभर चालताना हसतायत. "अवं, तो का आपल्या मोहल्ल्यातला शिपाई हाय, का कोणी त्याचं नाव सांगंल तुले?"

"तुम्हीच दंड धरला होता माझा!"

"म्या दंड धरला, उभी राह्य थोडीच म्हंतलं!"

डोक्यावर तीनचं ऊन, पायाखाली तापलेलं डांबर, आणि कानाशी ह्या. घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मी एखाद्या शेगडीसारखी धगधगत होते. हे सुट्टीमुळे घरीच. माझा चेहरा पाहून घाबरले आणि आत पळत जाऊन पितळी ग्लास भरून आणला.

"अवं, ऊन लागलं तुले. बस, बस. हे घे."

मी घेतला आणि एका दमात संपवला. बोलणं चालूच. "काय माणसं असतात एकेक! तहानलेल्याला आंबट! लाज नाही वाटत?"

"आणखीन देऊ काय?"

"द्या! आणि तेही शुक्रवारी!" दुसरा ग्लास. गार गार! असा उतरला घशातून, की बोलणं दोन क्षण थांबलं. आणि थांबलं म्हणून जिभेला चव कळली.

गूळ. वेलदोडा. थोडं मीठ.

आणि कैरी.

"अहो," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"पन्हं!" यांचा चेहरा असा फुललेला. "सकाळी कैऱ्या आणल्या, स्वतः उकडल्या. म्हंतलं, उपासाची चालली उन्हातान्हाची, जिवाले थंड वाटंल." आणि मग माझ्याकडे पाहता पाहता यांचा रंग उतरत गेला. "अवं… कैरी म्हंजे… शुक्रवारचं आंबट झालं काय?"

ज्यांना कायम करायचं म्हणून सोळा शुक्रवार जीभ बांधून ठेवली, त्यांच्याच हातचं! आणि मी नाही म्हटलं? छे! द्या म्हटलं! दुसऱ्यांदा मागून प्याले! त्या जावांनी निदान कपट तरी केलं होतं. इथं तर प्रेमानं उकडून, वेलदोडा घालून!

संध्याकाळच्या खिरीचं काय सांगू! उद्यापन नाहीच, नुसतीच खीर झाली. देवीसमोर हात जोडले, म्हटलं, आई, तू पाहते आहेस, पुढच्या शुक्रवारपासून पुन्हा पहिला. (हे कायम झाले बरं का. पण दुसरे सोळा पुरे झाल्यावर, दिवाळीनंतर.) मार्थाबाई उपास सोडून आल्या. शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला. डोळे पुसून मी जरा सावरले होते, तेवढ्यात पोहाणेकाकू सगळ्या ओळीतल्या बायका घेऊन ओट्यावर हजर.

काकूंनी वाटीतली खीर संपवली, पदराला तोंड पुसलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "काऊन वो सुमन, त्याईच्या देवानं शुक्रवारी आंबट घेतलं त त्याचं सारं पुरं झालं. मंग तुह्यं काऊन मोडलं?"

सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

आणि मी त्या ओट्यावर पहिल्यांदाच म्हटलं, "मला काय विचारता? या बसल्यात ना मार्थाबाई, त्यांना विचारा!"