घरोघरी ठेवलेलं वाचनालय

पुष्पवल्लीचेचीला मी तेव्हाच म्हटलं होतं, हा शहाणपणा अंगाशी येईल. पण वाचनालयाचा विषय निघाला की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. सख्खी बहीण नव्हे हं माझी. माझ्याहून मोठी, म्हणून चेची, म्हणजे ताई.

आमच्या कण्णूरकडच्या गावात पुरुष वाचनालयात येतात ते पेपर, कॅरम आणि भांडण यांच्यासाठी. पुस्तकं वाचतात त्या घरातल्या बायका. त्यांना घरपोच पुस्तकं देणं हे चेचीचं काम. खांद्याला पिशवी, हातात छत्री, दारात उभी राहिली की आतून चहा येणार. जुनं पुस्तक परत घ्यायचं आणि त्याच्या शेवटावरून पायरीवरच तावातावानं भांडायचं, मग नवं द्यायचं. लग्न केलं नाही तिनं. विचारलं तर म्हणायची, "शैलजे, एवढ्या घरांतून चहा मिळतो, आणखी एका घरात मी करून कशाला घालू?"

मग हायवे रुंद झाला. वाचनालय गेलं, त्याच्या खालचं माझं शिवणाचं दुकानही गेलं. खोली द्यायला कुणी तयार होईना. कमिटी म्हणाली, पुस्तकं पोत्यांत भरून भाताच्या गिरणीत ठेवू.

"गिरणीत? उंदरांना वाचायला?" चेची कडाडली आणि तिनं सगळी पुस्तकं आपल्या वाचकांच्या घरी वाटून टाकली.

मी म्हटलं, "अगं, नव्या स्लॅबच्या घरांत ठेव, कोरडी राहतील."

"तिथं पुस्तक म्हणजे अडगळ. जी वाचते तीच जपते."

म्हणून तिनं निवडून निवडून पट्टीच्या वाचणाऱ्या घेतल्या. आणि आमच्याकडच्या पट्टीच्या वाचणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या! हे तिला सुचलं नाही. खरं सांगते, मलाही नाही.

इमारत आज होईल, उद्या होईल, करत वर्षं गेली. हाताशी पुस्तकंच नाहीत, म्हणून चेचीची घरोघरची फेरीही थांबली. शेवटी सहकारी बँकेनं वरचा हॉल देऊ केला. सेक्रेटरी दिवाकरन मास्तर म्हणाले, "पुष्पवल्ली, ओणमच्या आधी तपासनीस येणार. कपाटं भरलेली दिसली तर मान्यता राहील. नाहीतर हॉल पोरांच्या क्लबला, आणि वाचनालय संपलं."

चेची निघाली गोळा करायला, मी सोबत. लक्ष्मीकुट्टीअम्मा केव्हाच वारली होती. सुनेनं गादीबरोबर पुस्तकंही भंगारवाल्याला दिलेली. वर आम्हालाच म्हणते, "कुणी न्यायला आलंच नाही!" सरसम्माला मुलगा दुबईला घेऊन गेलेला. घराला कुलूप. खिडकीतून पुस्तकं दिसत होती, त्यांच्यावर वाळवीची माती चढलेली. पुढचं घर तर हायवेच्या पुढच्या टप्प्यानंच गिळलं होतं.

चेची तिथंच कठड्यावर बसून रडली. "मी घरं बघितली नाहीत गं, माणसं बघितली. माणसं कुठं टिकतात?"

उरली कल्याणीअम्मा. तिचं घर मोठं, त्यामुळे निम्मं वाचनालय तिच्याकडेच होतं. पण घर हायवेपलीकडे, मध्ये ही उंच भिंत. पूर्वी हाकेच्या अंतरावर होतं, आता रिक्षानं केवढा वळसा!

"आलीस? मला वाटलं, मेलीस," म्हातारी म्हणाली.

"मेले असते तर पुस्तकं मागायला कोण आलं असतं?"

माळ्यावर कडुनिंबाचा पाला घालून सगळी नीट रचलेली. एकूण एक वाचून झालेली. रिक्षात भरताना कल्याणीअम्मानं विचारलं, "ने बाई, वाचनालयाचीच आहेत. पण मला आता कोण आणून देणार?"

मास्तरांनी घरपोच बंद करून टाकलं होतं. ज्याला हवं त्यानं वर यावं.

"मी येईन," चेची म्हणाली.

तपासनिसांनी भरलेली कपाटं पाहिली, पाठ थोपटली. मान्यता राहिली. चेची एकदा गेली कल्याणीअम्माकडे, दोनदा गेली. मग गुडघ्यांनी हात टेकले, आणि रिक्षाला कमिटी कशाला पैसे देते! ती वर हॉलमध्ये बसून राहायची. पुरुषांना जिना चढायचा कंटाळा, बायकांना घर सोडवत नाही. खाली जिन्याशी मी मशीन टाकलंय, वर कोण जातं ते मला दिसतं. कुणी जात नाही.

एके दिवशी पेन्शनसाठी कल्याणीअम्मा बँकेत आली. जिन्याखालून ओरडली, "पुष्पे!"

चेची कठडा धरून उतरली. छातीशी तीन पुस्तकं. चेहरा असा फुललेला, मला बघवेना.

कल्याणीअम्मानं पुस्तकं उलटीपालटी केली आणि परत दिली. "नको गं. सवय मोडली. नातवानं खोलीत टीव्ही लावून दिलाय. तू शेवटचं आणलेलं उघडलं, तर दोन पानांत डोळे मिटले."

"त्याची सुरुवात रटाळच आहे. हे बघ, हे छान आहे."

"छानच असेल गं."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. म्हातारी गेली.

मी मशीनवरून उठले. म्हटलं, "चेची, वर चढायला हात देऊ का?"

"कशाला?" ती म्हणाली. "वर कोण आहे?"